फ्लॉपीच्या कपाळाला कुंकू

डब्लिन, ओहायो
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. नंदामावशी,

नाही, नाही आणि नाही! तो टीव्ही गेम मी पाडला नव्हता. तो तुझ्या कुंकवानं बिघडला. हे मी सतरा वर्षं सांगतोय आणि सतरा वर्षं तू मला एकाच वाक्यात गप्प करतेस, की कुंकवानं काही बिघडत नाही, मी गिरणीच्या मोटरीला दर खंडेनवमीला लावते, ती बिघडली का रे दत्त्या? परवा फोनवरही तेच. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर तू "ज्वारी आली दळायला, ठेवते" म्हणून मोकळी. (तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. त्या वेळेला जयसिंगपुरात डोक्यावर ज्वारी घेऊन कोण हिंडतं?) म्हणून हे पत्र. फोन मध्येच ठेवता येतो. पत्र ठेवलं तरी ते टेबलावरून आपल्याकडे बघत राहतं.

नमस्कार राहिला. तो इथे डोकं टेकून करतो, तू आशीर्वाद दे आणि मग पुढे वाच. गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावतेस, की बाटली देवापाशी ठेवून तिलाच बघतेस? गिरणीचा पट्टा बदललास का? मी बरा आहे. बाबा बरे आहेत. इथल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात उभे राहून त्यांचे पाय सुजतात, पण बसायचं काम मिळालं तर मी आजारी पडेन असं म्हणतात. पायाला भिंगरी मला कुठून आली ते यावरून तुला कळेल, उगाच आईच्या माहेराला नावं ठेवू नकोस. (ते तुझंही माहेर आहे.)

तर काम पुन्हा बदललं. ओरडू नकोस. किराणा दुकानात काउंटरमागे दहा तास उभं राहून मला मुंग्या यायच्या. आता मी लोकांचं घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत आहे. घर खोक्यांत भरायचं, खोकी ट्रकात चढवायची, दुसऱ्या गावी उतरवायची. माझ्यासारख्याला याच्याइतकं सोयीचं काम नाही, कारण एका जागी बसलं तर मालकच ओरडतो. शिवाय दहावीला किती वेळा बसलास असं इथे कुणी विचारत नाही. (घर मराठी माणसाचं असलं तर विचारतात. चहाच्या कपाबरोबरच विचारतात.)

असंच एक मराठी घर मला गेल्या आठवड्यात मिळालं आणि त्या घरात माझी बाजू सिद्ध करणारा पुरावा मिळाला. तोच सांगायचाय, पण तुला सगळं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तू मान्य करणार नाहीस. पुरुषोत्तम काका म्हणून आहेत. इंजिनिअर होते, आता रिटायर. चाळीसेक वर्षं या देशात काढली. रेखाकाकू त्यांच्या मिसेस, त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या. मुलगी राधिका तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला मोठ्या नोकरीत आहे. तिनं आईवडिलांना आपल्याकडे बोलावलंय, आणि इथलं घर विकलं. तिच्या घरात आईवडिलांना भरपूर जागा आहे, त्यांच्या अडगळीला नाही. ती व्हिडिओवर रोज बजावायची, "बाबा, तुमच्या स्टफसाठी वन बॉक्स. वन! आणि बेसमेंटमधलं काहीही आणायचं नाही, प्लीज." काका मान डोलवायचे आणि व्हिडिओ बंद झाला की थेट बेसमेंटमध्ये जायचे. बेसमेंट म्हणजे तळघर. इथल्या माणसांना जे टाकवत नाही आणि बायकोसमोर ठेववतही नाही, ते सगळं तिथे असतं.

तिथे जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला एक कॉम्प्युटर निघाला. दातासारखा पिवळा पडलेला आणि तुझ्या गिरणीतल्या वीस किलोच्या मापाइतका जड. काकांना त्यांच्या कंपनीनं पंच्याऐंशी साली दोन वर्षांसाठी जपानला, ओसाकाला पाठवलं होतं, तिथे घेतलेला. बरोबर काळ्या चौकोनी फ्लॉप्या, पापडाइतक्या पातळ. आणि त्या फ्लॉप्यांवर, मावशी, गेम! अंतराळातला! काका म्हणाले, त्या काळी जपानी लोक घरगुती कॉम्प्युटरसाठी असले गेम नुकतेच करायला लागले होते. आपण चार जणांची टोळी करायची, त्यांना नावं द्यायची, यानातून ग्रहाग्रहांवर हिंडायचं. उड्या मारायच्या नाहीत, धावायचं नाही. समोर राक्षस आला की एक यादी येते: मारा, पळा, बोला, औषध द्या. त्यातलं एक निवडायचं. मग राक्षस त्याचं निवडतो. नळावरच्या रांगेसारखं, आपली पाळी आल्याशिवाय कुणी हात उचलत नाही. चित्रं म्हणशील तर हिरव्या रेघा. आणि अक्षरं सगळी जपानी. मी, जो तुझ्या सत्यनारायणाच्या कथेत दुसऱ्या अध्यायाला उठून जायचा, तो खोक्यावर बसून दीड तास हे बघत राहिलो. माझा चहा निवला. तूच सांग, असं कधी झालंय?

आता त्या टोळीतली माणसं कोण, ते नीट लक्षात ठेव, कारण सगळी भानगड तिथेच आहे. पहिला कॅप्टन पुरु, म्हणजे स्वतः काका. (पूर्ण नाव मावत नव्हतं.) दुसरी डॉक्टर, रेखा. तिसरा एक लोखंडी यंत्रमाणूस. आणि चौथी योद्धा, तिचं नाव आई. काकांची आई. त्या बिचाऱ्या जन्मभर वाईला राहिल्या, लिफ्टला घाबरायच्या, पण गेममध्ये त्यांच्या हातात किरणांची बंदूक आहे आणि सगळ्यांत जास्त राक्षस त्यांनीच मारलेत. सत्त्याऐंशी साली टोळीकडे एकच चिलखत घेण्यापुरते पैसे होते. काकांनी ते आईला घातलं. आणि पुढच्याच ग्रहावर एका सरड्यानं डॉक्टर रेखाला मारलं. तेवढ्यात ओसाकाची नोकरी संपली, काका परत इकडे आले, मुलगी झाली, घर झालं, आणि रेखाकाकू अडतीस वर्षं यानातल्या, मेलेली माणसं ठेवायच्या थंड पेटीत पडून राहिल्या.

हे काकूंनी सोडलं असेल असं वाटतं तुला? फ्रिज घेताना, राधिकाच्या लग्नात, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, कुठेही, "सासूबाईंना चिलखत आणि मला सुती साडी!" असं चालूच. (गेममध्ये साडी नाही. मी नीट बघितलं. पण काकूंना सांगणार कोण?) काकांचं म्हणणं एवढंच, की अवकाशस्थानकावर एक हॉस्पिटल आहे, तिथे मेलेली माणसं उठवतात. पण तिथे काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. जपानी बोलायला थोडं शिकले होते, वाचायला नाही. आणि आता वेळ नव्हता. हर्नडनहून एक जुने कॉम्प्युटर जमवणारा गृहस्थ शनिवारी येऊन सगळं घेऊन जाणार होता, रविवारी ट्रक निघणार होता. काका मला हळूच म्हणाले, "दत्तू, देऊन टाकायला माझं काही नाही रे. पण हिला त्या पेटीत ठेवून कसं द्यायचं?"

मग मी माझा फोन काढला. या फोनचा कॅमेरा जपानी अक्षरांवर धरला की खाली इंग्रजी उमटतं. ते इंग्रजी काका वाचायचे, आणि बटणं मी दाबायचो, कारण काकांचा हात थरथरतो. जेवणाच्या सुट्टीत आणि काम संपल्यावर असं करत सोमवार-मंगळवारात आम्ही स्थानकापर्यंत पोचलो. काकू उत्सुकता दाखवायच्या नाहीत, पण रोज सकाळी थालीपीठ वाढताना सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "मी कुठपर्यंत आले?"

आणि बुधवारी खंडेनवमी आली.

आता माझ्यावर संस्कार कुणी केले? तू. आपली हत्यारं पुसायची, मांडायची, पुजायची. मी सकाळी ट्रकला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं, सामानाची ढकलगाडी, टेपची मशीन, दोऱ्या, सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. (आमचा ड्रायव्हर एल साल्वादोरचा आहे. त्यानं मला काही विचारलं नाही. छातीवर क्रूस केला, लिंबू चिरडलं आणि म्हणाला, आता ब्रेक चांगले लागतील.) मग मनात आलं, काकांचा कॉम्प्युटर तरी बिनपुजेचा का राहावा? आज तर काकू उठायच्या आहेत. खाली गेलो. कॉम्प्युटरला लावलं. पडद्याला लावलं. आणि फ्लॉपी. तिच्या काळ्या पाकिटाला मधोमध एक लांबट खाच असते आणि त्या खाचेतून आतली तपकिरी तबकडी दिसते. मला वाटलं, हेच हिचं कपाळ. बोट चांगलं ओलं केलं आणि हळदीवर कुंकू असा ठसठशीत टिळा लावला. वर दोन अक्षता.

दुपारी तळघरातल्या मिणमिणत्या दिव्यात काकांनी चाचपडतच फ्लॉपी घातली आणि तुझ्या गिरणीत खडा गेल्यावर येतो ना, तसा आवाज आला. पडद्यावर जपानीत एक ओळ आली. फोन म्हणाला, वाचता येत नाही. काकांनी काढून पुन्हा घातली. पुन्हा खडा. मावशी, मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी काय म्हणालो असेन? "वस्तूचं वय होतं हो काका." काका खोक्यावर बसले. म्हणाले, "माझंच चुकलं. इतकी वर्षं ठेवून दिली, वेळेवर बघितलं नाही." मग म्हणाले, "रेखाला सांगू नकोस. तिला वाटतंय शनिवारपर्यंत होईल." माझ्या चुकीबद्दल एक म्हातारा माणूस स्वतःला बोल लावत होता आणि मी शेजारी बसून बुडबुड्यांचं प्लॅस्टिक फोडत होतो.

गुरुवारी, ऐन दसऱ्याला, मी दोनच थालीपिठं खाल्ली. काकूंनी कपाळाला हात लावून बघितला, "ताप आहे का रे? पाच खाणारा मुलगा." आणि तडक खाली गेल्या, मागोमाग काका आणि मी. लॅबमधली बाई ती! फ्लॉपी उजेडात धरली, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे हळदीकुंकू कुणी लावलं?" मला माहीत नाही मावशी, कुठून आलं ते, पण माझ्या तोंडून तुझंच वाक्य बाहेर पडलं: "कुंकवानं काही बिघडत नाही, काकू. आमची मावशी गिरणीच्या मोटरीला..." एवढं बोललो आणि काका माझ्याकडे बघतायत असं दिसलं. रागानं नाही. आपण खरंच फ्लॉपी वेळेवर बघितली नाही, असंच अजून समजणाऱ्या माणसासारखे. मग मी सगळं सांगून टाकलं. कपाळ, टिळा, अक्षता, आणि बुधवारचं खोटंसुद्धा.

काकू म्हणाल्या, "टिळा मात्र अगदी मध्यावर लावलायस हो." आणि हातमोजे मागितले.

पुढचं तू बघायला हवं होतंस. काकूंनी पाकिटाची कड ब्लेडनं कापली. आतली तबकडी, धिरडं मोडू न देता उलटतात तशी, दोन बोटांवर काढली. कोमट पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मग इस्त्रीसाठी आणलेलं शुद्ध पाणी, मग चष्म्याचं फडकं. काका मध्येच म्हणाले, "रेखा, हळू." त्या म्हणाल्या, "अडतीस वर्षं हळूच चाललंय, कॅप्टन." मग काकांच्या ऑफिसच्या जुन्या पत्रांची एक फ्लॉपी होती, तिची तबकडी काढून टाकली आणि धुतलेली तबकडी त्या पाकिटात सरकवली. रेखाकाकूंनी स्वतःच स्वतःला आंघोळ घालून कोरडं केलं म्हण ना! पहिल्यांदा घातली, खडा. दुसऱ्यांदा, खडा. तिसऱ्यांदा खर्र, खर्र, आणि पडद्यावर चारही नावं ओळीनं उभी! मी इतक्या जोरात ओरडलो की वर ड्रायव्हरच्या हातून दिवा सुटला. (फुटला नाही. सोफ्यावर पडला.)

हॉस्पिटलच्या खिडकीशी गेलो. फोन धरला. रोग्याला उठवायचे बाराशे, टोळीजवळ चारशे. काहीतरी विकायला लागणार. विकण्याजोग्या दोनच वस्तू, कॅप्टनची बंदूक आणि आईचं चिलखत. बंदूक हजाराची, चिलखत दीड हजाराचं. काका बघत राहिले. मी बटणावर बोट ठेवून बसलो, काका सांगेनात. त्यांच्या आईचा फोटो मी सकाळीच चौदा नंबरच्या खोक्यात भरला होता, तेव्हाही काका असेच उभे होते. मी काकूंकडे बघितलं. अडतीस वर्षं ज्या चिलखतावरून बोलल्या, ते आता समोर यादीत होतं, एका बटणाच्या अंतरावर. मला वाटलं, आता काकू म्हणणार, विका! काकू म्हणाल्या, "सासूबाईंचं राहू द्या. त्यांना थंडी फार वाजायची. तुमची बंदूक विका."

विकली. डॉक्टर रेखा उठली. अंगात ताकद किती, तर एक. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की तळघरात धूळ फार आहे.

धूळ नव्हती. मी स्वतः झाडलं होतं.

मग काकांना चेव आला. म्हणाले, एक चक्कर मारू बाहेर. बाहेर पडलो, तीन पावलं, आणि तोच सरडा! कॅप्टनच्या हातात बंदूक नाही. यादीत "मारा" निवडलं तर त्यानं सरड्याला बुक्की मारली. सरड्याची पाळी आली आणि कॅप्टन पुरु गेला. काकूंनी खुर्ची पुढे ओढली, मला बाजूला सारलं आणि काकांना म्हणाल्या, "बसा आता तिकडे पेटीत. पुढची अडतीस वर्षं माझी."

हर्नडनच्या गृहस्थाला शुक्रवारी फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. राधिका व्हिडिओवर ओरडली, "आई, यू आर नॉट सिरियस! वन बॉक्स म्हणाले होते मी!" काकू म्हणाल्या, "तुझे बाबा थंड पेटीत आहेत. त्यांना परक्या माणसाला विकू?" राधिकानं डोळे मिटले आणि म्हणाली, "आय डोन्ट इव्हन वॉन्ट टू नो." एका खोक्याचा नियम मात्र काकूंनी पाळला. आपल्या स्वयंपाकाच्या खोक्यातला मोठा कुकर काढून मला दिला आणि त्या जागी कॉम्प्युटर बसवला. आज सकाळी ट्रक गेला. काका-काकू विमानानं गेले. निघताना मी वाकलो तेव्हा काका पाठीवर थाप मारून म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीला पूजा करायला ये बेलव्ह्यूला. फक्त बोट कोरडं ठेव." घर आता अगदी मोकळं आहे, आणि मी त्याच्या पायरीवर बसून कुकर मांडीवर ठेवून हे लिहितोय. त्यावर कागद छान टेकतो.

तर मुद्दा एवढाच, मावशी. कुंकवानं बिघडतं. साक्षीदार तीन आहेत, पुरावा लॅबमधल्या बाईनं तपासलाय. आता तरी मान. गिरणीतल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग, गुडघ्याला तेल लाव, आणि उत्तर लिही. फोनवर नको, तिथे तुझी ज्वारी येते.

तुझा,
दत्तू
(पत्रिकेवर आणि इथल्या पगाराच्या कागदावर गुरुदत्त)

ता.क. : एक काम आहे. आपला तो टीव्ही गेम गिरणीच्या माळ्यावर पिशवीत अजून असेल, तू काही टाकत नाहीस. काकांची पुतणी नीनाताई कोल्हापूरला असते, ती डिसेंबरात बेलव्ह्यूला जाणार आहे. तिच्याकडे तो पोचव. मी काकूंना त्याच्याबद्दल सांगितलं तर त्या म्हणाल्या, पाठव, उघडून बघते. कुंकवानं कितपत बिघडलंय ते कळेल.

ता.क. दुसरा : काकू उघडतीलच. आणि त्या बाईला आत काय सांडलंय ते दिसल्याशिवाय राहणार नाही, म्हणून तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो. आत चहा सापडेल. नवमीच्या आदल्या दिवशी तू गिरणीत होतीस. मी बशी गेमवर ठेवून खेळत होतो. सांडला, पुसला, चालू केला, फुस्स झाला. दुसऱ्या दिवशी पूजेच्या पाटावर तो मीच आणून ठेवला. तू म्हणालीस, याला कशाला रे? मी म्हणालो, माझं हत्यार आहे. तू हसलीस आणि बोट बुडवलंस.

ता.क. तिसरा : तू तोंडानं मोटरीचं सांगतेस खरं. पण त्या वर्षापासून तू कुंकू फक्त गिरणीच्या दगडाला लावतेस आणि मोटरीला लांबूनच हात जोडतेस. यंदा पाठवलेल्या फोटोतही मोटर कोरडीच आहे, मी मोठा करून बघितला. मावशी, पुढच्या वर्षी मोटरीला लाव. भरपूर लाव. तुझ्या कुंकवानं आजवर काहीही बिघडलेलं नाही.

पैसे बँकेत टाकले. नेहमीचे वीस हजार, आणि तू भिशीतून काढून टीव्ही गेमला घातले होतेस ते. एकूण रुपये वीस हजार चारशे पन्नास.